बाबांसाठी मफिन्स

आईवडिलांना भेट काय द्यायची हा प्रश्न त्यांचं वय वाढेल तसा अवघड होत जातो, निदान माझ्या बाबतीत तरी तसंच झालंय. बाबांचं वाक्य ठरलेलं, "मला काय कमी आहे, कशाला उगाच खर्च करतेस". आणि खरंच काही कमी नसतं त्यांना. नवीन शर्ट दिला की त्याची घडीसुद्धा न मोडता तो कपाटात जातो, चांगलं पेन दिलं तर ते बॉक्समध्येच राहतं, आणि वापरतात कोणता शर्ट तर तोच जुना, कॉलर विरलेला. त्यात माझ्यावर राग वगैरे काही नसतो, उलट मुलीने दिलंय म्हणून जपून ठेवलेलं असतं. पण मला ते जपून ठेवायला नको असतं, वापरायला हवं असतं.

म्हणून मी आता खायची वस्तू नेते. ती कपाटात ठेवता येत नाही, दोन दिवसांत संपवावीच लागते, आणि स्वतः केलेली असली की खर्चाचं वाक्य पण निघत नाही. त्यातही मफिन्स का, केक का नाही, तर बाबा एकटे राहतात. एकट्या माणसाला अख्खा केक दिला की पहिल्या दिवशी एक तुकडा खाल्ला जातो आणि मग कापलेली बाजू कोरडी पडत जाते, तो संपवायचं एक टेन्शनच होऊन बसतं. मफिन कसा, एकेक सुटा, प्रत्येकाला स्वतःची वरची साल असते त्यामुळे आतला ओलावा टिकतो, आज दोन खावेत, बाकीचे फ्रीझरमध्ये टाकावेत, पुढच्या आठवड्यात एक काढावा. शिवाय सुरी नको, प्लेट नको, चहाच्या कपाशेजारी ठेवला की झालं.

आणि अजून एक कारण आहे जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मफिनची रेसिपी फार लवचिक असते. कपकेक लोणी आणि साखर फेटून करतात, तिथे साखर कमी केली तर ते फेटणंच नीट होत नाही, वर क्रीम लागतं. मफिनमध्ये मात्र कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्या भांड्यात, दोन्ही एकत्र करून ट्रेमध्ये घालायचं एवढंच काम आहे, फेटून हवा भरायची नाही, फुगवायचं काम बेकिंग पावडर आणि सोडा करतात. म्हणून त्यात बऱ्यापैकी बदल करता येतात, आणि वयस्कर माणसासाठी काही करायचं म्हटलं की बदल करावेच लागतात.

मी सुरुवात रेसिपीपासून करत नाही, बाबा कसे खातात तिथून करते. म्हणजे त्यांना खालची कवळी आहे, त्यामुळे अक्रोडाचे मोठे तुकडे बाद. खसखस, तीळ, चिया असल्या बारीक बिया पण बाद, त्या कवळीखाली अडकतात आणि मग हिरडीला टोचत राहतात, हे ज्यांच्या घरी कवळी आहे त्यांना लगेच कळेल. सुकामेव्याची चव हवी असेल तर बदाम भाजून त्याची बारीक पूड करायची आणि पिठातच मिसळायची, चव येते आणि चावावं काहीच लागत नाही, वर मफिन पण जास्त मऊ होतो कारण बदामात तेल असतं आणि ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) नसतं. तोंड कोरडं पडत असेल (बऱ्याच औषधांमुळे पडतं) तर फार भुसभुशीत, चुरा होणारा मफिन घशाला चिकटतो, म्हणून केळं किंवा दही घालून केलेला ओलसर मफिन बरा. आणि साइज. मोठ्ठा बेकरीसारखा मफिन दिसायला छान पण बाबा तो अर्धाच खाणार आणि अर्धा झाकून ठेवणार, त्यापेक्षा लहान दोन दिले की दोन्ही खातात.

आता साखर. हा सगळ्यात नाजूक विषय आहे कारण या वयात कुणाची ना कुणाची शुगर वाढलेली असतेच. इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते, गूळ किंवा मध घातला म्हणजे मफिन 'शुगर फ्री' होत नाही. गूळ पण साखरच आहे आणि मध पण साखरच आहे. मैद्याऐवजी कणीक वापरली तर फायबर वाढतं ते चांगलंच आहे, पण कर्बोदकं काही जात नाहीत. त्यामुळे 'हेल्दी आहे, कितीही खा' असं सांगून आपल्याच माणसाला देऊ नका प्लीज. डायबेटिस असेल तर लहान मफिन करा, साखर कमी करा, आणि किती खायचा ते त्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय त्यात बसवा. तसंच किडनीचा त्रास असेल तर केळं चालतं का ते आधी विचारून घ्या, केळ्यात पोटॅशियम असतं आणि अशा पेशंटना बऱ्याचदा ते कमी घ्यायला सांगतात.

साखर किती कमी करता येते? बहुतेक रेसिपीत दिलेल्या साखरेच्या पाव हिस्सा बिनधास्त कमी करा, फारसा फरक कळत नाही. अर्ध्यावर आणली की मात्र इतर गोष्टी बदलायला लागतात कारण साखर फक्त गोड करत नाही. ती पाणी धरून ठेवते म्हणून मफिन दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो, ती ग्लुटेन तयार व्हायला अडवते म्हणून मऊ होतो, आणि वरचा सोनेरी रंगही बराचसा तिच्यामुळेच येतो. साखर खूप कमी केलेला मफिन फिकट, जरा चिवट आणि लवकर कोरडा होणारा निघतो. त्यावर माझा उपाय म्हणजे केळी, आणि तीही सालीवर काळे डाग पडलेली, हाताला मऊ लागणारी. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते म्हणून कच्चट पिवळं केळं आणि काळं पडलेलं केळं यांच्या गोडीत एवढा फरक असतो. तशी केळी हाताशी नसतील तर मी थांबते. पिकली की सोलून फ्रीझरमध्ये टाकून ठेवते, ती नंतर वितळली की पाणी सुटल्यासारखी दिसतात पण मफिनसाठी एकदम मस्त.

दुसरं म्हणजे वास. वय वाढलं की वासाची संवेदना मंद होत जाते आणि चवीचा मोठा भाग वासावरच असतो, त्यामुळे आपल्याला जे ठीकठाक लागतं ते त्यांना सपक लागू शकतं. बाबा हल्ली प्रत्येक गोष्टीत वरून मीठ नाहीतर साखर घेतात, तेव्हा मला हे लक्षात आलं. गोड वाढवण्यापेक्षा वास वाढवायचा. मी संत्र्याची साल किसते, फक्त वरची नारिंगी, खालचा पांढरा भाग आला की कडू होतं. आणि तो कीस सरळ ओल्या मिश्रणात न टाकता साखरेत घालते आणि बोटांच्या टोकांनी चोळते. मिनिटभर चोळलं की साखर ओलसर होते, हलकी नारिंगी होते, चिमटीत दाबली तर वाळूच्या किल्ल्यासारखी आकार धरते आणि अख्ख्या खोलीत संत्र्याचा वास सुटतो. सालीतलं तेल साखरेच्या कणांनी घासून बाहेर येतं ना, तेच ते. एवढ्या एका स्टेपने मफिनमध्ये जो फरक पडतो तो व्हॅनिला इसेन्सची अख्खी बाटली ओतून पडत नाही. सोबत थोडी दालचिनी, आणि मीठ विसरू नका, गोड पदार्थात मीठ नसलं की सगळंच निस्तेज लागतं.

आता प्रमाण लिहून टाकते म्हणजे शोधत बसायला नको. नेहमीच्या साइझचे १२ मफिन्स होतात. मैदा १२५ ग्रॅम, कणीक १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, दालचिनी पूड अर्धा टीस्पून. हे सगळं चाळून घ्यायचं, चाळणीत कोंडा राहिला तर तो परत त्यातच घालायचा. दुसऱ्या भांड्यात ३ मध्यम केळी (सोलून साधारण ३०० ग्रॅम) काट्याने कुस्करून, त्यात १०० ग्रॅम साखर एका संत्र्याच्या सालीच्या कीसासकट, २ अंडी, ८० मिली बिनवासाचं तेल, १०० ग्रॅम ताजं दही. दही आणि अंडी फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवा. लोण्याऐवजी तेल मुद्दाम, कारण लोणी थंड झालं की घट्ट होतं आणि मफिन दुसऱ्या दिवशी कडक लागतो, तेल पातळच राहतं म्हणून मऊपणा टिकतो. आपल्याला हे दुसऱ्या दिवशी, प्रवासानंतर द्यायचंय, लगेच गरमागरम नाही, तेव्हा हा फरक महत्त्वाचा आहे.

सोडा आणि पावडर दोन्ही का हे पण विचारतात लोक. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, इथे दही आहे आणि थोडं केळं, त्यांच्याशी मिळून तो लगेच गॅस सोडतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही आधीच असतात, सोबत ओलावा शोषायला स्टार्च, आणि हल्ली मिळते ती बहुतेक 'डबल अॅक्टिंग' असते म्हणजे थोडा गॅस ओलं झाल्यावर आणि बाकीचा ओव्हनच्या उष्णतेत. डबा जुना असेल तर आधी तपासा, अर्धा कप गरम पाण्यात एक टीस्पून पावडर टाकली की जोरात फसफसायला हवी. नुसते चार बुडबुडे आले तर तो डबा टाकून द्या, बाकी सगळं कितीही मन लावून केलं तरी मफिन बसणार.

बेकिंग पावडरची गोष्ट मला फार आवडते म्हणून इथे सांगतेच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता. त्याच्या बायकोला अंडी पचत नसत आणि यीस्टही चालत नसे. म्हणून त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय फुगवणारी बेकिंग पावडर. म्हणजे आज जगभरात कुठेही कुणी मफिन करतं तेव्हा त्यात जी पावडर पडते तिच्या मुळाशी, घरातल्या एका माणसाला नीट खाता यावं ही धडपड आहे. त्याआधीचे इंग्लंडमधले मफिन म्हणजे यीस्टचे, चपटे, तव्यावर भाजलेले, आपण आज करतो ते कपातले फुगीर मफिन नंतर अमेरिकेत रूढ झाले, तेही असल्या रासायनिक पावडरींमुळेच. मी बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बायकोसाठी केलं म्हणून जमलं, कंपनीसाठी केलं असतं तर वीस वर्षं लागली असती". बाबांनी उभा जन्म नोकरीत काढलाय त्यामुळे त्यांचं मत पक्कं असतं.

बरं, आता मिसळणं. सगळ्या मफिनचा जीव इथे आहे. कोरड्यात ओलं ओतायचं आणि चपट्या चमच्याने खालून वर, कडेने फिरवत, हलक्या हाताने दुमडत जायचं, दहा-बारा वेळा, बस्स. इलेक्ट्रिक बीटर नको, व्हिस्क पण नको. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, गुठळ्या दिसतायत? दिसू देत. पिठाला पाणी लागलं आणि हालचाल मिळाली की ग्लुटेनची जाळी तयार व्हायला लागते, पावाला ती हवी असते पण मफिनला नको. जास्त ढवळलं की मफिन वर टोकदार होतो आणि मधून कापला तर आत उभे लांबट बोगदे दिसतात, गॅस त्या चिवट जाळीतून वाट काढत वर गेलेला असतो. चवीलाही तो रबरी लागतो, आणि कवळी असलेल्या माणसाला रबरी मफिन म्हणजे शिक्षा. हात थांबवणं अवघड जातं हे मला माहितीये, आपल्याला सवय असते एकजीव गुळगुळीत करायची, पण इथे गुळगुळीत मिश्रण म्हणजे बिघडलेलं मिश्रण. त्या बारीक गुठळ्या ओव्हनमध्ये आपोआप ओलावा घेऊन विरघळतात.

कणीक वापरत असाल तर मिश्रण दहा मिनिटं तसंच झाकून ठेवा. कोंड्याला पाणी शोषायला वेळ लागतो, तो दिला नाही तर खाताना जिभेला खरखरीत लागतं. दहा मिनिटांनी मिश्रण जरा घट्ट झालेलं दिसेल आणि वर बुडबुडे आलेले असतील, ते फोडायला परत ढवळू नका, तसंच चमच्याने उचलून कपात घाला. यापेक्षा जास्त वेळ पण नको कारण सोड्याचं काम सुरू झालेलं असतं.

ओव्हन आधीच २०० अंश सेल्सिअसला तापवलेला हवा, आणि तापवलेला म्हणजे लाइट बंद झाल्यावरही अजून दहा मिनिटं. कप पाऊण भरायचे. पहिली पाच मिनिटं २००, मग दार न उघडता १८० वर आणून बारा ते पंधरा मिनिटं. सुरुवातीला जास्त आच लागली की गॅस आणि वाफ भराभर तयार होऊन मिश्रण उसळतं, तोवर कडा धरलेल्या असतात, म्हणून मधला भाग वर चढून छान घुमट होतो. सुरुवातीपासून कमी आच ठेवली तर माथे चपटे येतात, खायला तेही चांगलेच असतात, हरकत नाही. टूथपिक मध्ये खुपसून बघायची, एखाद-दोन ओलसर कण चिकटले तर चालतील, ओलं मिश्रण नको. एकदम कोरडीठाक टूथपिक निघेपर्यंत थांबू नका कारण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने थोडं शिजत राहतं. मिनी ट्रे असेल तर वेळ कमी, दहा मिनिटांपासूनच बघायला लागा.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ट्रेमध्येच, मग जाळीवर. ट्रेमध्ये तसेच ठेवले तर वाफ बाहेर जायला वाव नसतो, ती तळाशी साठून तळ ओला चिकट होतो.

पेपर कपांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण मी बाबांची बोटं बघितली आहेत. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा संधिवाताने थोडा वाकलाय आणि चिमूट नीट धरली जात नाही. बाजारात मिळतात ते पातळ चुण्यांचे पेपर कप मफिनला घट्ट बसतात, त्याची कड नखाने उचलायची, मग एकेक चुणी सोडवत गोल फिरवायची, हे आपल्याला दोन सेकंदाचं काम आहे. बाबा तो मफिन हातात फिरवत राहिले, मग चष्मा पुसला, मग टेबलावर ठेवून एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीने कड उचलली, आणि कागद निघाला तो अर्धा मफिन घेऊनच. तेल कमी असलेल्या मफिनचा कागद असाही जास्त चिकटतो. काही बोलले नाहीत, कागदाला लागलेलं चमच्याने खरवडून खाल्लं.

तेव्हापासून मी बेकिंग पेपरचे चौकोन कापते, साधारण तेरा सेंटीमीटरचे. ट्रेच्या खाचेत बसेल असा छोटा ग्लास घ्यायचा, त्याच्या बुडावर कागद दाबून घड्या पाडायच्या आणि ग्लाससकट खाचेत दाबायचा. कागदाची चारी टोकं वर उभी राहतात. खाताना एक टोक धरून नुसतं खाली ओढलं की पाकळीसारखं उघडतं, नख लागत नाही, चिमूट लागत नाही. बेकिंग पेपरवर सिलिकॉनचा थर असतो त्यामुळे मफिनचा कणही चिकटत नाही. दिसायला पण हे जास्त देखणं दिसतं पण ते बोनस. एक मात्र, मफिन पूर्ण गार झाल्याशिवाय कोणताच कागद सोडवू नका, गरम असताना आतला भाग अजून धरलेला नसतो.

पॅकिंगची घाई पण करायची नाही. वरून गार लागला तरी मधे गरम असतो, तासभर तरी जाळीवर राहू द्या. कोमट डब्यात बंद केला तर झाकणाला आतून पाणी धरतं, ते थेंब थेंब माथ्यावर पडतात आणि वरची छान साल चिकट गिळगिळीत होऊन जाते. मी पसरट डबा घेते, तळाला टिश्यू पेपर, त्यावर मफिन्स एकाच थरात, एकमेकांना जेमतेम टेकतील असे, म्हणजे प्रवासात हलत नाहीत. वर अजून एक टिश्यू आणि मग झाकण. एकावर एक रचू नका, खालच्यांचे माथे दबतात. रिबिन वगैरे बांधायची हौस असेल तर सैल बांधा, बाबांसारख्या माणसाला घट्ट गाठ सोडवायला लावू नका.

मी आदल्या संध्याकाळी करते आणि सकाळी निघते. ताजे तर ताजे पण केळ्याचा मफिन दुसऱ्या दिवशी मला जास्त चांगला वाटतो, संत्र्याच्या सालीचा वास आत मुरतो आणि ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. बाहेर दोन दिवस आरामात राहतात, फार उकाडा आणि दमट हवा असेल तर एकच दिवस धरा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, इथे बहुतेक सगळे उलटं करतात. शिजलेल्या स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर परत एकमेकांना धरून घट्ट व्हायला लागतात, शिळा पाव कडक होतो तो त्यामुळेच, आणि फ्रिजच्या तापमानाला ही प्रक्रिया बाहेरच्यापेक्षा वेगाने होते. फ्रीझरमध्ये ती जवळजवळ थांबते. म्हणून दोन दिवसांत संपणार नसतील तर थेट फ्रीझर, एकेक वेगळा गुंडाळून, मग सगळे एका झिपच्या पिशवीत. दोन-तीन महिने काही होत नाही. खायच्या वेळी मायक्रोवेव्हमध्ये वीस-तीस सेकंद, गरम झाला की तो घट्ट झालेला स्टार्च परत सैल होतो आणि मफिन नुकता केल्यासारखा लागतो. पण मग लगेच खायचा, परत गार झाला की आधीपेक्षा कडक.

हे सगळं मी बाबांना तोंडी सांगितलं असतं तर त्यांनी 'हो हो' म्हणून फ्रिजमध्येच ठेवले असते. म्हणून पिशवीवर जाड मार्करने मोठ्या अक्षरात लिहिते, 'फ्रीझर', खाली 'मायक्रोवेव्ह २५ सेकंद', आणि तारीख. बारीक अक्षर असलं की चष्मा शोधा, आणि चष्मा शोधायचा कंटाळा आला की मफिन तसाच राहतो.

मागच्या वेळी गेले तेव्हा डबा टेबलावर ठेवला आणि मी हातपाय धुवायला गेले, येईपर्यंत बाबांनी एक संपवला होता आणि दुसऱ्याचा कागद उघडत होते. "तू केलेस? ओव्हनमध्ये? फुगतात कसे एवढे?" मग तो सोडा आणि दह्याचा सगळा प्रकार मी त्यांना पेला घेऊन करूनच दाखवला, दह्यात चिमूटभर सोडा टाकला की कसं फुगून येतं ते. माझे बाबा, ज्यांनी आम्हाला लहानपणी सायकलची चेन उघडून दाखवली होती, ते वाकून त्या पेल्याकडे बघत होते आणि विचारत होते की अजून सोडा टाकला तर अजून फुगेल का. म्हटलं एका मर्यादेपर्यंत, दह्यातलं आंबट संपलं की उरलेला सोडा नुसता साबणासारखा लागतो. त्यांना पटलं. त्यांनी अजून एक मफिन घेतला. कपाटात काही गेलं नाही.

दोन दिवसांनी फोन आला. आधी नेहमीचं सगळं झालं, जेवलीस का, ऑफिस कसंय, आणि मग हळूच, "त्याला संत्र्याचा वास कशाने आला होता गं? मी वर शोधत होतो, संत्रं कुठे दिसेना". मग दालचिनी पुढच्या वेळी थोडी कमी घाल असंही सांगितलं. मला याचा इतका आनंद झाला, कारण बाबा मी दिलेल्या कुठल्याच गोष्टीबद्दल कधी काही मागत नाहीत, शर्टाचा रंग नको होता हे सुद्धा सांगत नाहीत, आणि इथे चक्क दालचिनी कमी कर म्हणाले. शेवटी म्हणाले की फिरायला जातात तिथल्या मित्राला पण द्यायचा होता पण तो अंडं खात नाही, तर बिनअंड्याचे जमतात का?

जमतात. वरच्याच प्रमाणात २ अंडी काढून टाकायची, दही १०० ऐवजी २०० ग्रॅम घ्यायचं, आणि ते घट्ट हवं, पाणी सुटलेलं असेल तर वरचं पाणी काढून टाका. शिवाय जवसाची पूड १ टेबलस्पून, ३ टेबलस्पून पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवायची, अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत झाली की ओल्या मिश्रणात घालायची, बांधून ठेवायचं काम ती करते. पूड अगदी बारीक हवी, परत तोच कवळीचा मुद्दा. अंड्याच्या मफिनइतका उंच घुमट येत नाही, आतून थोडे जास्त दाट होतात, पण केळ्यामुळे मऊ राहतात आणि ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं जास्त लागतात. दालचिनी अर्ध्याऐवजी पाव टीस्पून. केळी काळी पडायला ठेवली आहेत, शनिवारी संध्याकाळी करून रविवारी सकाळच्या फिरण्याच्या आत पोचवायचेत.